आरोग्य प्रशासनाच्या पदवीची संदर्भनोंद एका देशातून बाहेर काढताना : प्रकल्प नोंदी

आमचा छोटा स्वयंसेवी गट पदवीनंतरच्या शिक्षणावर मराठीतून संदर्भसंग्रह तयार करतो. त्यात 'मास्टर ऑफ हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन', म्हणजे एमएचए, या पदवीवर एक जुनी नोंद होती. तिच्यातली माहिती खोटी नव्हती. ती अमेरिकेची होती आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. हा दोष याच विषयाच्या कितीतरी संदर्भग्रंथांत आणि मार्गदर्शिकांत आढळतो. कुणी अशी नोंद दुरुस्त करायला घेतली तर आमचा गेलेला वेळ त्यांचा वाचावा, म्हणून ही वही.

८ जानेवारी. जुन्या नोंदीची तपासणी

नोंदीची छापील प्रत काढली आणि एकेक वाक्य रंगवत गेलो. कुठल्याही देशात खरं ठरेल ते वाक्य हिरवं. एकाच देशापुरतं खरं, पण त्या देशाचं नाव दिलेलं, ते निळं. एकाच देशापुरतं खरं आणि नावही नाही, ते लाल.

पान जवळपास सगळं लाल झालं. 'या पदवीला सीएएचएमईची मान्यता आहे का हे पाहावे.' कमिशन ऑन अ‍ॅक्रेडिटेशन ऑफ हेल्थकेअर मॅनेजमेंट एज्युकेशन ही अमेरिकी मान्यता देणारी संस्था, तिचा पसारा मुख्यतः उत्तर अमेरिकेत. 'प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते.' अमेरिकेत चालते. भारतात एमडी हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला एमबीबीएसशिवाय दारातही उभं करत नाहीत. 'दीर्घकालीन देखभाल केंद्राच्या प्रशासकाला परवाना घ्यावा लागतो.' तिथल्या सामाजिक सुरक्षा कायद्यात १९६७ साली झालेल्या दुरुस्तीतून आलेली ही अट, आणि ती वृद्धांच्या देखभाल केंद्रांच्या प्रशासकांना आहे. अमेरिकेतसुद्धा रुग्णालयाच्या प्रशासकाला असा परवाना लागत नाही. नोंदीत यातलं काही नव्हतं, त्यामुळे ती अट जगभरच्या सगळ्या आरोग्य प्रशासकांना आहे असं वाटत होतं.

निळं फक्त शेवटचं परिच्छेदवजा वाक्य होतं: 'भारत, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतही ही पदवी उपलब्ध आहे.'

तपासणीचा हा प्रकार संध्याकाळभरात होतो. दुसरं काही करण्याआधी हेच करा. दोष कुठे बसलाय ते डोळ्यांना दिसतं. आमच्या बाबतीत तो व्याख्येच्या पहिल्याच वाक्यात होता.

१४ जानेवारी. नावावरून शोध घेणं बंद

इतर देशांची माहिती गोळा करायची म्हणून पदवीचं नाव आणि देशाचं नाव एकत्र टाकून शोधायला लागलो. आठवडा जवळपास वाया गेला. हाती आलं ते तीन प्रकारचं: अमेरिकी विद्यापीठांची प्रवेशपानं, परदेशी शिक्षणाच्या एजंटांच्या जाहिराती, आणि एकमेकांकडून उतरवलेले 'जगातील सर्वोत्तम' अभ्यासक्रमांचे तक्ते. त्यातले बरेच तर आमच्याच जुन्या नोंदीतलं लाल वाक्य जसंच्या तसं सांगत होते.

कारण उघड आहे. बहुतेक देशांत या कामासाठीच्या शिक्षणाला एमएचए म्हणतच नाहीत. ब्रिटनमध्ये एमएससी असते. भारतात एमएचए, एमबीए, एमडी आणि पदव्युत्तर पदविका हे सगळं एकाच वेळी चालू असतं. फ्रान्समध्ये तर सार्वजनिक रुग्णालयाचा संचालक स्पर्धा परीक्षेतून येतो. नाव धरून शोधलं की जिथे ते नाव प्रचलित आहे तोच देश सापडणार.

उलटा मार्ग धरला. प्रत्येक देशासाठी एकच प्रश्न: मोठ्या रुग्णालयाचा किंवा जिल्ह्याच्या आरोग्यसेवेचा कारभार कुणाच्या सहीने चालतो, आणि पदवीनंतर कोणतं शिक्षण घेऊन तो माणूस त्या खुर्चीवर येतो? हा प्रश्न हातात आल्यावर एका दुपारी मिळालेली माहिती आधीच्या आठवड्याहून जास्त होती. या वहीतली एकच गोष्ट कुणाला उचलायची असेल तर ही उचला: पदापासून सुरू करा आणि मागे येत पदवीपर्यंत जा.

२१ जानेवारी. खुर्चीवरून काय सापडलं

फ्रान्स. रेन शहरातली एकोल दे ओत एत्यूद आँ साँते प्युब्लिक, म्हणजे ईएचईएसपी. तिची पूर्वज संस्था १९४५ साली पॅरिसमध्ये सुरू झाली, १९६२ मध्ये रेनला गेली, आणि २००८ पासून ती आजच्या रूपात आहे. सार्वजनिक रुग्णालयांचे भावी संचालक स्पर्धा परीक्षा देऊन आत येतात आणि प्रशिक्षणाच्या काळातही सरकारी सेवेत असतात. इथे 'पदवीला मान्यता आहे का' हा प्रश्न गैरलागू ठरतो, कारण भरती करणारं आणि शिकवणारं शासनच आहे.

श्रीलंका. कोलंबो विद्यापीठाच्या पोस्टग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनमध्ये मेडिकल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची एमएससी आणि एमडी. हा रस्ता डॉक्टरांचा.

जर्मनी. रुग्णालयाच्या शिखरावर परंपरेने तिघं असतात: वैद्यकीय संचालक, परिचर्या संचालक, प्रशासकीय संचालक. तिघांची शिक्षणाची वाट वेगळी. 'प्रशासक' ही एकच व्यक्ती धरून लिहिलेली व्याख्या इथे लागूच पडत नाही.

ब्रिटन. राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ मध्ये सुरू झाली, तिची पदवीधरांसाठीची व्यवस्थापन प्रशिक्षण योजना १९५६ पासूनची. आधी नोकरी, तिच्या पोटात शिक्षण. १९८३ च्या ग्रिफिथ्स अहवालाने सर्वसाधारण व्यवस्थापक नेमण्याची शिफारस केली. रुग्णालयाचा कारभार तज्ज्ञांच्या सहमतीने चालायचा, तो त्यानंतर एका जबाबदार व्यवस्थापकाकडे आला. बर्मिंगहॅम विद्यापीठाचं हेल्थ सर्व्हिसेस मॅनेजमेंट सेंटर १९७२ चं, म्हणजे या अहवालाच्या आधीपासून शिकवणारं.

इथिओपिया. या देशाने आमचा सगळा आराखडा हलवला. तिथे २००० नंतरच्या दशकात सरकारने सार्वजनिक रुग्णालयांत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पदं निर्माण केली. मग येल विद्यापीठ आणि क्लिंटन फाउंडेशनच्या साह्याने जिम्मा विद्यापीठात त्या अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी उभी राहिली. विद्यार्थी म्हणजे खुर्चीवर बसलेले अधिकारी, आणि त्यांचं प्रात्यक्षिक त्यांच्याच रुग्णालयात. पदवी, मग इंटर्नशिप, मग नोकरी हा क्रम जुन्या नोंदीने सार्वत्रिक धरला होता. इथे तो पूर्ण उलटा आहे, आणि तो विचारपूर्वक तसा ठेवलेला आहे.

२८ जानेवारी. भारताची ओळ, जिला सगळ्यात जास्त वेळ लागला

आपल्याच देशाची माहिती पटकन होईल असं गटात सगळ्यांना वाटलं होतं. उलट झालं. एकाच कामाकडे जाणाऱ्या वाटा वेगवेगळ्या नियामकांच्या हाती आहेत आणि कुठलाही एक कागद त्या एकत्र दाखवत नाही.

एमडी हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हा वैद्यकीय शिक्षणाचा भाग, तीन वर्षांचा, फक्त एमबीबीएस झालेल्यांसाठी. त्याचं नियमन आधी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाकडे होतं, सप्टेंबर २०२० पासून नॅशनल मेडिकल कमिशनकडे. दिल्लीच्या एम्समधली मास्टर ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनही डॉक्टरांसाठीच. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्याच नावाची पदवी मात्र इतर शाखांच्या पदवीधरांनाही खुली. म्हणजे एकच आद्याक्षरं, दोन संस्था, आणि प्रवेशाची अट अगदी वेगळी. एमबीए आणि पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदविका, यांच्या बाजूला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद येते. जयपूरची आयआयएचएमआर ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली ती आरोग्य व्यवस्थापन हाच विषय धरून. इग्नूची रुग्णालय आणि आरोग्य व्यवस्थापनातली पदविका दूरशिक्षणातून. शिवाय दिल्लीची राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था, जिथे कम्युनिटी हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये एमडी करता येते. ती १९७७ साली दोन संस्था एकत्र करून झाली. त्यातली एक होती नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अँड एज्युकेशन, स्थापना १९६४.

हे सगळं जुन्या नोंदीत 'भारतातही ही पदवी उपलब्ध आहे' एवढ्या शब्दांत संपलं होतं. त्या वाक्याने फसणारा माणूस कोण, याचा मी बराच विचार केला. बी.एस्सी. नर्सिंग झालेली एखादी मुलगी 'कोणत्याही शाखेची पदवी चालते' वाचते, आद्याक्षरं पाहून अर्ज करते, शुल्क भरते आणि पात्रतेच्या रकान्यात बाद होते. चुकीचं काही छापलेलं नसताना नुकसान झालेलं असतं. या कामाची निकड मला इथे पटली.

४ फेब्रुवारी. देशवार विभाग करून पाहिले, मोडून टाकले

पहिला मसुदा देशवार लिहिला. प्रत्येक देशाला एक परिच्छेद, लांबी साधारण सारखी, म्हणजे न्याय होईल अशी कल्पना. वाचल्यावर तो तुटका वाटला. पदवी म्हणजे काय याचं उत्तर कुठेच मिळेना, नुसती देशांची यादी. शिवाय सारख्या लांबीने एक नवा गैरसमज तयार होत होता. जिथे अनेक विद्यापीठं हा विषय शिकवतात तो देश आणि जिथे एकच संस्था आहे तो देश, दोन्ही एकाच मापाचे दिसत होते.

आणखी एक. देशवार मांडणीत व्याख्या वरच राहिली आणि ती अजून अमेरिकी होती. म्हणजे घर तेच ठेवून आम्ही मागच्या अंगणात पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. 'इतर देश' हा मथळाच काढायला हवा, कारण त्या मथळ्याखाली जे येतं ते सगळं आपोआप अपवाद ठरतं.

दहाएक पानांचा मसुदा बाजूला ठेवला. त्यातली माहिती वाया गेली नाही, पण मांडणीचे श्रम गेले.

११ फेब्रुवारी. नवा सांगाडा

आता विभाग प्रश्नांचे केले. आत कोणाला घेतात? मान्यता कोणाची? प्रत्यक्ष काम कधी आणि कुठे करायचं? हे शिक्षण कुठल्या खुर्चीपर्यंत नेतं? प्रत्येक प्रश्नाखाली देश उदाहरण म्हणून येतात, आणि ज्या प्रश्नाला ज्या देशाचं उत्तर बोलकं आहे तिथेच तो देश येतो. फ्रान्स मान्यतेच्या प्रश्नाखाली, इथिओपिया प्रात्यक्षिकाच्या, जर्मनी खुर्चीच्या, श्रीलंका आणि भारत प्रवेशाच्या.

व्याख्येचं वाक्य कितीतरी वेळा बदललं. शेवटी ठरलं ते असं: 'रुग्णालये आणि आरोग्यसेवा यांचा कारभार चालवण्यासाठी पदवीनंतर घेतले जाणारे शिक्षण, ते काही देशांत विद्यापीठाच्या पदवीच्या रूपात, काही देशांत वैद्यकीय विशेषज्ञतेच्या, तर काही देशांत शासकीय सेवेतील प्रशिक्षणाच्या रूपात दिले जाते.' थोडं लांब आहे, पण रंगतपासणीत हिरवं ठरतं.

एक नियमही केला: ज्या वाक्यात दावा आहे त्याच वाक्यात देशाचं नाव हवं. विभागाच्या मथळ्यात आहे एवढं पुरत नाही. लोक नोंद पूर्ण वाचत नाहीत, एखादं वाक्य उचलून पुढे पाठवतात.

१८ फेब्रुवारी. तक्त्याचे रकाने

नोंदीच्या शेवटी एक तक्ता हवा यावर एकमत होतं. पहिल्या तक्त्यात 'अधिस्वीकृती संस्था' असा रकाना होता. फ्रान्स आणि श्रीलंकेपुढे तो रिकामा राहिला, आणि रिकामी चौकट पाहून गटातल्या ग्रंथपाल बाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे तिथल्या पदव्यांना मान्यता नाही असंच वाचणारा समजेल." बरोबर होतं. प्रश्न एका देशाचा आणि उत्तरं सगळ्यांकडून मागितली की बाकीचे नापासच दिसतात. रकान्याचं नाव 'हे शिक्षण कोणाच्या अधिकारात' असं केलं. एकही चौकट रिकामी राहिली नाही: अमेरिकेपुढे स्वतंत्र मान्यता संस्था, फ्रान्सपुढे शासन, श्रीलंकेपुढे विद्यापीठाची वैद्यकीय पदव्युत्तर संस्था, भारतापुढे मार्गानुसार वेगवेगळे नियामक.

श्रेयांकांचा रकाना मात्र काढूनच टाकला. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्णवेळ एका वर्षाचे ६० श्रेयांक धरतात, अमेरिकेतला सेमिस्टर क्रेडिट वेगळ्या मापाचा. रूपांतराचं गणित करून पाहिलं, पण त्यातून निघालेले आकडे अचूक दिसायचे आणि सांगायचे काहीच नाहीत. तीन वर्षांची निवासी एमडी आणि नोकरी सांभाळून केलेली पदवी यांची तुलना श्रेयांकांत होत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी दिल्या: पूर्णवेळ किती वर्षं, आणि त्या आधी कोणती पदवी लागते.

पगाराचा रकाना जुन्या नोंदीत होता. अमेरिकी सरकारच्या कामगार सांख्यिकीतून घेतलेला एक आकडा, डॉलरमध्ये, देशाचं नाव न देता. काढला आणि त्याच्या जागी काहीही घातलं नाही.

२५ फेब्रुवारी. इतिहासाचा विभाग

जुना इतिहास एका ओळीत होता: ही पदवी १९३४ साली शिकागो विद्यापीठात सुरू झाली. मायकेल डेव्हिस यांनी तिथे उभा केलेला अभ्यासक्रम महत्त्वाचा आहेच, तो ठेवला. त्याआधी १९२० च्या दशकात अमेरिकेतल्याच मार्केट (Marquette) विद्यापीठात झालेला प्रयत्नही घातला. टोरंटो विद्यापीठाचा अभ्यासक्रम १९४७ चा, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातलं स्कूल ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन १९५६ चं. तेही आले, आणि वर लिहिलेले फ्रान्सचे, भारताचे टप्पेही.

गटात इथे खरा मतभेद झाला. एकाचं म्हणणं, अमेरिकेचा मजकूर निम्म्यावर आणा म्हणजे तोल साधेल. मी त्याला विरोध केला आणि आजही माझं मत तेच आहे. अमेरिकी नमुना जगात पसरला त्याला कारणं आहेत, आणि ती सांगणं हाच एकांगीपणावरचा इलाज आहे. डब्ल्यू. के. केलॉग फाउंडेशनने अमेरिकेतल्या अभ्यासक्रमांना पैसा दिला, सिडनीच्या त्या विभागालाही दिला. विद्यापीठीय अभ्यासक्रमांची संघटना एयूपीएचए तिथे १९४८ मध्ये झाली, प्रशासकांची व्यावसायिक संस्था त्याही आधी, १९३३ मध्ये. म्हणजे याद्या, निकष, अहवाल हे सगळं तिथे लवकर तयार झालं, आणि तेही इंग्रजीत. जगात कुठेही कुणी संदर्भनोंद लिहायला बसला की हाताशी येणारे कागद तेच. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. उपलब्ध कागदांचा कल नोंदीत उतरला, एवढंच.

म्हणून अमेरिकेचा मजकूर कापला नाही. त्याला देशाचं नाव दिलं आणि प्रसाराचा हा भाग नव्याने लिहिला. माझ्या दृष्टीने नोंदीतला सगळ्यात उपयोगी परिच्छेद आता तोच आहे.

३ मार्च. स्रोतांची गाळणी

निम्म्याहून अधिक दुय्यम स्रोत काढले. कसोटी साधी ठेवली: वाक्य कुणी प्रथम लिहिलं त्याचा मागोवा लागतो का? लागत नसेल तर स्रोत बाद, कितीही ठिकाणी छापलेलं असो. दहा ठिकाणी तेच वाक्य म्हणजे दहा पुरावे नव्हेत, एकाच वाक्याच्या दहा प्रती.

संस्थांची माहितीपत्रकं फक्त स्थापनेचं वर्ष, प्रवेशाची अट आणि कालावधी यांसाठी वापरली. 'देशातील पहिली', 'आघाडीची' अशी विशेषणं कुठूनच घेतली नाहीत. पहिलेपणाचे दावे परस्परविरोधी असतात आणि ते सोडवण्यात आमचे कितीतरी तास गेले असते. नियमांसाठी राजपत्र, कायदा किंवा नियामकाचं परिपत्रक. फ्रेंच आणि जर्मन कागद त्या भाषा येणाऱ्या मित्रांकडून वाचून घेतले. मशिनी भाषांतरावर 'स्पर्धा परीक्षा' आणि 'प्रवेश परीक्षा' यांतला फरक सोडता आला नसता, आणि फ्रान्सच्या बाबतीत सगळं त्या फरकावर अवलंबून आहे.

मूळ कागद नाही तर तक्त्यात ओळ नाही, हा नियम इथेच पक्का झाला. त्यामुळे तक्ता लहान झाला. चालेल.

१० मार्च. वाचून घेतलं

मसुदा तिघांना दिला: एक डॉक्टर, एक नर्सिंगची पदवीधर, एक वाणिज्य पदवीधर. तिघांनाही एकच काम सांगितलं, 'तुम्हाला कोणत्या वाटा खुल्या आहेत ते लिहून द्या.'

डॉक्टर आणि वाणिज्य पदवीधर बरोबर आले. नर्सिंगच्या मुलीने विचारलं, "मी आरोग्य क्षेत्रातलीच आहे, मग मला डॉक्टरांच्या रांगेत धरायचं की इतरांच्या?" आमच्या प्रवेशाच्या विभागात 'वैद्यकीय' आणि 'इतर' असे दोनच गट होते. ती विभागणी आम्ही कागदांवरून उचलली होती, आणि परिचर्या, औषधनिर्माण, फिजिओथेरपी, दंतवैद्यक यातले सगळे मधल्या मध्ये लटकत होते. विभाग पुन्हा लिहिला. आता प्रत्येक मार्गापुढे तो कोणाला खुला आहे याबरोबर कोणाला बंद आहे हेही थेट लिहिलंय. एवढ्याने नोंद अर्ध्या पानाने वाढली.

वाचून घेण्याचं काम फेब्रुवारीत, सांगाडा ठरल्या ठरल्या करायला हवं. तेव्हा केलं तर दुसऱ्यांदा लिहिण्याचा आठवडा वाचतो.

१७ मार्च. पुन्हा रंगतपासणी, आणि नोंद संग्रहात

त्याच पेन्सिली घेऊन नवी नोंद रंगवली. लाल राहिलेली थोडी वाक्यं जागीच दुरुस्त केली. त्यातलं एक चिवट निघालं: 'हे शिक्षण घेतलेल्यांना खासगी रुग्णालयांत संधी असते.' कुठे? जिथे बहुतेक रुग्णालयं सरकारी आहेत तिथे या वाक्याला फारसा अर्थ नाही. काढलं.

तक्त्याच्या प्रत्येक ओळीपुढे तपासणीचा महिना आणि वर्ष टाकलं. नियामक बदलतात, २०२० मध्ये भारतातच बदलला, आणि तारीख नसलेली ओळ बदलानंतरही खरी वाटत राहते. दर वर्षी प्रवेशाचे महिने सुरू होण्याआधी ओळी पुन्हा तपासायच्या असं ठरलंय, प्रत्येक देशाची जबाबदारी एकेकाने वाटून घेतली आहे.

पुढची नोंद सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीची, एमपीएचची. तिथेही मान्यतेच्या परिच्छेदात फक्त अमेरिकेची, १९७४ साली स्थापन झालेली मान्यता देणारी परिषद आहे आणि देशाचं नाव नाही. ती नोंद छापून ठेवली आहे, रविवारी रंगवायला घेऊ.